तुझ्या मसाल्याचा चांगला रिपोर्ट

प्रिय आई,

तुला जाऊन पाच महिने झाले आणि आज पहिल्यांदा लिहितेय. उद्या गावी येणार आहे, तुझ्या बचत गटाच्या बायकांना सांगायला. पण आधी तुला सांगायला हवं. तुझ्या काळ्या मसाल्याचा मी दिलेला रिपोर्ट भरवशाचा नाही गं.

आठवतो ना? सुप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमधून मीच सही करून आणला होता. 'घातक जिवाणू आढळले नाहीत.' गटातल्या छबूकाकूंनी तो फ्रेम करून कांडप मशीनच्या वर टांगला. किती मिरवलात तुम्ही सगळ्याजणी!

त्या दिवशी मी ऐटीत समजावत होते, की मसाला बाटलीतल्या पोषक पाण्यात घालून उबेला ठेवायचा, जिवाणू असले तर त्यात वाढतात आणि सापडतात. तू मिरच्यांची पाटी खाली ठेवलीस आणि विचारलंस, "आगं, पन आपल्या मसाल्यात लवंग, दालचिनी लई हाय. त्यानं किडं दबत्यात. मंग तुझ्या बाटलीत ते वाढायचेच न्हाईत. तुला दिसतील कसं?"

मी काय म्हणाले? "आई, तू मसाला भाज. लॅबचं मी बघते." बायका हसल्या. तूही हसलीस, पदर तोंडाला लावून. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते मी.

आमची पद्धत दुधाच्या पावडरीवर पारखलेली होती. मसाल्यावर ती चालते का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात लॅबमध्ये आलेल्या नव्या मॅडमनी पाहायला लावलं. मसाल्याच्या पाच नमुन्यांत मी मुद्दाम, माझ्या हातानं जिवाणू घातले. आणि पाचही नमुने स्वच्छ निघाले! माझंच काहीतरी चुकलं म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग लवंग-दालचिनीचा जोर कमी व्हावा म्हणून मसाला तेवढाच ठेवून पाणी कितीतरी पट वाढवलं, तेव्हा कुठे पाचही बाटल्यांत जिवाणू सापडले. ते मेले नव्हते, नुसते दबून बसले होते. तू म्हणाली होतीस अगदी तसे.

मी बाहेर गेले आणि जिन्यात बसून रडले.

तू मला झापलं का नाहीस गं? भाकरीला चीर पडली तर दहा वेळा ऐकवायचीस! पण त्या दिवसानंतर माझ्या कामाबद्दल तू एक शब्द विचारला नाहीस. फोनवर फक्त जेवलीस का, बस मिळाली का. मला वाटायचं, हिला त्यात रस नाही. दवाखान्यात शेवटचे चार दिवस तुझ्या उशाशी होते, तेव्हाही मी मोबाईलच बघत राहिले.

तुझा मसाला वाईट आहे असं नाही. तो चांगला आहे हे मला माहीत नव्हतं, आणि तरी मी सही केली. ती सही बघून नगरच्या दुकानदारांनी माल घेतला. लोक तो लेकराबाळांच्या कालवणात घालतात. अजून कुणी आजारी पडल्याचं कानावर नाही, एवढंच.

छबूकाकूंना फोन केला तर कडाडल्या, "लगनसराई तोंडावर आली आन् आता म्हंतीस इकू नका? तुझ्या आईच्या नावाचा मसाला हाय त्यो!" म्हणूनच थांबवायचा आहे ना, काकू! असं मनातच म्हणत मी फोन ठेवला.

आई, उद्या मी तो रिपोर्ट भिंतीवरून उतरवीन. दुकानातली पाकिटं परत मागवीन, नव्या पद्धतीनं तपासल्याशिवाय एकही बाहेर जाऊ देणार नाही. काकू शिव्या देतील, खाईन. आणि सगळ्यांसमोर सांगीन की हे आमच्या लॅबच्या आधी तुला कळलं होतं आणि मी तुला गप्प केलं. तेव्हा हसलेल्या सगळ्याजणी तिथे असतील. तू तेवढी नसशील.

तुझी,
वैशू