टोपीवरचं नाव

१४ नोव्हेंबर, ओजिमा, जपान

वही, इतके महिने तुला विसरले, माफ कर.

आज अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचनी माझ्या निनादला बेसबॉलसाठी स्कॉलरशिप देऊ केली, पण अर्धीच. म्हणाले, "उरलेला खर्च जाहिरातींतून निघेल, तुझं नावच कमावेल." स्टुडंट व्हिसावर अशी कमाई चालते का? मी विचारलं नाही. निनाद केवढा खूश होता!

हायस्कूलला लागला तेव्हा मी म्हणाले होते, "शाळेचं नाव काढ हं." जपानात वाढलेला तो, सरावाच्या टोपीवरचं नावच उसवून आला! आज संध्याकाळी सराव संपल्यावर नदीकाठच्या मैदानाला इथल्या रीतीप्रमाणे वाकून नमस्कार करताना त्याने तीच टोपी काढली. नदीवरच्या धूसर उजेडात विटलेल्या टोपीवर नावाची ती जागा अजून गडद निळी...

मला खरंच व्हिसाची काळजी आहे, की तो जायलाच नकोय?

उद्या: कोचना व्हिसाचं विचारायचं, निनादसमोर.