जावयाच्या सदऱ्याचा धूर

बा, मी तुही थोरली पोरगी. आठवते का, का तिकडं गेल्यावर तेही विसरला? जिता होता तेव्हाही मले हाक मारताना आधी दोन्ही बहिणींची नावं घेत जाय, मंग माहं. नात लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. मले अक्षर येत नाई, हे तरी ध्यानात असंल; शाळेत तूच घातलं नव्हतं.

आज नातीचा नवरा पाया पडला अन् मी दचकली. त्याच्या अंगाले तुहा वास! बाटलीतलं अत्तर होय म्हणे, खास पुरुषांचं. आधी धूर नाकाले झोंबते, मंग सागाचा ओला भुसा, अन् मागून सालईच्या डिंकाचा गोडवा. हिंगणीच्या रानात तू कोळसा पाडत होता. बाजाराच्या दिवशी निखाऱ्यावर सागाचा ढलपा अन् तो डिंक टाकून, वर टोपलं पालथं घालून त्यावर सदरा पसरत जाय. घरात तो वास फक्त तुहा.

माह्या लग्नाच्या वेळी स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. जावयाचा नवा सदरा सासऱ्यानं धुपवायचा, ही आपल्या घरची रीत. तू उकिडवा बसून किती मायेनं तो फिरवत होता! मी लुगडं घेऊन आली. म्हटलं, "बा, यालेही दे ना थोडा धूर." तू मानही वर केली नाई. "बायांच्या लुगड्याले चुलीचा धूर पुरते, बाई." सगळे हसले. मीही हसली, अन् लुगडं घडी घालून ठेवलं.

सासरी तुहा वास नवऱ्याच्या अंगाले, मी कोरडी. तुही आठवण आली का त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसत जाय. त्याले वाटे, बायको भाळली! मिशीले पीळ देत गावभर फिरे. मी कशाले सांगू? दर पोळ्याले तू त्याचाच सदरा धुपवून देत जाय, अन् माह्या हातावर चोळीचा खण.

आता तर तोही तिकडंच. दोघं एका निखाऱ्याशी बसून राह्यले असाल, हे मनात आलं का अजून पोटात जळते, बा. नात म्हणते, "आजी, तूही फवारून घे ना." घेतलं. चांगलं होय, पण त्यात तुहा हात नाई.

ते जाऊ दे. नात पत्ता विचारून राह्यली. म्हटलं, ठेव उशीखाली. इकडं कोणी येणारं असलंच, तर रानातली पिकली टेंभरं पाठवजो, पिवळीधमक. जावयाले त्यातलं एकही देजो नको.