सासूबाईंना, गुडघ्याच्या कामासाठी

तीर्थरूप सासूबाई यांना,

तुमच्या थोरल्या सुनेचा (एकुलती एक असल्यामुळे धाकटीचाही यातच धरावा) शिरसाष्टांग नमस्कार. तुमची पाठ, तुमचा रक्तदाब आणि उजव्या कानात वाजणारी ती शिट्टी कशी आहे? पाठीचं मलम संपलं असेल तर कळवा, इथून पाठवते. इकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे तुमचे चिरंजीव ठीक आहेत, तुमची नात बसल्या जागेवरून घरावर राज्य करते आहे, आणि मी कशी आहे हे तुम्ही विचारलेलं नाही म्हणून सांगत नाही. फोन करायचा सोडून पत्र का, तर फोनवर माझा आवाज आला की तुमच्याकडची रेंज जाते. पत्राचं कारण शेवटी सांगेन, कारण ते आधीच सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, आणि पुढचं तुम्ही वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

हाड उत्तम जुळलंय. भिंतीवरून बॅडमिंटनचं शटल काढायला चढलेली पोरगी खाली आली ती मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडून, त्यात पट्टी बसवली, स्क्रू बसवले, आणि आता मोठे डॉक्टर तो एक्सरे दिव्यासमोर धरून इतके खूश होतात की मला वाटतं एक प्रत ते घरी लावतील. फक्त गुडघा वाकत नाही. इतके दिवस सरळ राहून तो वाकायचं विसरलाय. डॉक्टरांनी पुढच्या भेटीची तारीख दिली आणि सांगितलं की तोवर गुडघा काटकोनात आला पाहिजे, नाहीतर पुन्हा भूल देऊन आम्ही तो जोर लावून वाकवू. त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. पण तुमच्या नातीने तो भुलीचा मास्क एकदा अनुभवलाय. खोलीबाहेर आल्यावर लिफ्टपाशी ती माझ्या पदराला धरून म्हणाली, "आई, तिथे परत नाही ना न्यायचं मला?" मी नाही म्हटलं. आई, मी नाही म्हणून बसले आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तर घरी रोज पाय वाकवायचा, आणि फिजिओबाईंचं म्हणणं असं की ते एकाच माणसाने करायचं, कारण पायाला हात ओळखीचा लागतो. पहिल्या दिवशी तुमचे चिरंजीव पुढे झाले. बाप आहे मी तिचा, असं म्हणून बाह्या सरसावल्या. नात जेवणाच्या टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली, हे खाली स्टुलावर. टाच हातात घेतली. तिने नुसतं "बाबा" म्हटलं, अजून पाय हललासुद्धा नव्हता, तर यांच्या डोळ्यांतून धारा. शेवटी तिनेच आपला घाम पुसायचा टॉवेल यांना दिला, पाठीवरून हात फिरवला आणि उद्या करू म्हणून समजूत घातली. तेव्हापासून हे व्यायामाच्या वेळी टेबलावर तिच्या शेजारी बसतात. (कोण कोणाला धीर देतं ते बघणाऱ्याने ठरवावं.) व्यायाम संपला की आइस्क्रीम आणायलाही हेच जातात. दुखवायचं मी आणि आइस्क्रीम द्यायचं यांनी, अशी आमच्याकडे कामाची वाटणी झाली आहे.

तुम्ही तेव्हा इथेच राहायला होतात आणि म्हणालात, हिलाच करू दे, ही दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या हातात सुया खुपसते, हिला सवय आहे. खरं आहे. पण आई, ज्यांचं रक्त मी काढते ते माझ्या पोटचे नसतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे पाठ करून दूध पीत नाहीत. तुमची नात माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी दे, पंखा लाव, पांघरूण सरक. तिने मला हवालदार असं नाव ठेवलंय, आणि परवा खालच्या मजल्यावरचे निवृत्त वकील तिचा आवाज ऐकून काठी घेऊन वर आले, तेव्हा तिने त्यांना आत बोलावून माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांना गुडघा, ऑपरेशन, काटकोन सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना यांना बाजूला घेऊन म्हणाले की घरात काही त्रास असेल तर मोकळेपणाने सांगा. यांनी त्यांचे आभार मानले. आभार, आई!

आता उशी. विषय टाळणार होते, पण टाळून तरी किती टाळायचा? गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही, हे फिजिओबाईंनी तुमच्यासमोर बजावलं होतं. उशीने बरं वाटतं, पण गुडघा तसाच अर्धवट आखडतो आणि मग धड सरळही होत नाही, धड वाकतही नाही. तुम्ही चांगली मान डोलावलीत. आणि मी कामाला निघाले की जिना उतरायच्या आत तुमची मऊ उशी तिच्या गुडघ्याखाली. संध्याकाळी कुलपात किल्ली वाजली की उशी कपाटात आणि तुम्ही दोघी साळसूद. मला वाटायचं, एवढी मी राबते आणि गुडघा इंचभर हलत नाही, माझ्याच हातात काही दोष आहे. हॉस्पिटलच्या तळघरातली ती व्यायामाची खोली आठवते ना, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात कुठेच न जाणाऱ्या लाकडी पायऱ्या? तिथे बाईंनी गुडघा चाचपला आणि विचारलं, उशी कोण देतं? नात छताकडे बघू लागली. तुम्ही आरशात केस सारखे करू लागलात. मग बाईंनी अख्ख्या खोलीसमोर मलाच फैलावर घेतलं, की आई असून एवढं कळत नाही का. हाताचं चाक फिरवणारे ते आजोबा चाक थांबवून ऐकत होते. आणि तुम्ही, आई, तुम्ही बाईंकडे बघून अशी मान हलवलीत की काय सांगायचं या आजकालच्या मुलींना. परत येताना गाडीत नातीने खरं काय ते कबूल केलं. तरी घरी येऊन मी उशी फक्त माळ्यावर टाकली, तोंडातून शब्द काढला नाही. तेवढ्यावर तुम्ही बॅग भरलीत, आणि आता सगळ्या नातेवाइकांत मी सासूला उशीवरून घालवून देणारी सून आहे.

तुम्ही गेलात आणि तुमचे फोन सुरू झाले, नातीला, रोज. एका संध्याकाळी फोन नेमका व्यायाम चालू असताना आला. तिच्या दोन्ही हातांनी टेबलाची कड आवळून धरलेली, म्हणून यांनी तो स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला. मी खाली स्टुलावर, एक हात तिच्या मांडीवर, एक घोट्याशी. तुम्हाला वाटलं मी लॅबमधून आलेली नाही, आणि तुम्ही सुरू झालात. मी चादरीच्या घड्या घालते त्या घड्या नसतात, गाठोडी असतात. माझा चहा पाहुण्यांना लवकर घरी पाठवायच्या कामाचा. लग्नानंतर पहिल्यांदा कुकर लावला तेव्हा मी शिट्टीच लावायची विसरले आणि दोन तास शिट्टीची वाट बघत बसले. (एक तास, आई. वाढवून सांगू नका.) मी फोन उचलून बंद करणारच होते. तेवढ्यात नात फिसकन हसली. "मग गं आजी?" म्हणाली. आणि माझ्या हाताखाली तिची मांडी सैल पडली, अशी सैल मी ऑपरेशनपासून अनुभवली नव्हती. मी हळूच टाच मागे नेली. ती गेली. आणखी नेली, आणखी गेली. तुम्ही माझ्या माहेरच्या माणसांवर आलात तोवर टाच कधी नव्हे इतकी मागे आली होती आणि पोरीचं लक्षही नव्हतं. दुसऱ्या दिवशी फिजिओबाईंनी कोन मोजला, पुन्हा मोजला आणि काय केलंत म्हणून विचारलं. मी म्हटलं, सासूबाईंनी केलं. त्यांना ती थट्टा वाटली.

त्यानंतर रोज तुमचा फोन आणि माझा हात, असं दोघींनी मिळून काम चाललं होतं. माझा उद्धार होत होता आणि गुडघा वाकत होता. काटकोन अगदी हाताशी आला होता. मग तुमच्या चिरंजीवांना खरं बोलायची लहर आली. "अगं आई, ती इथेच असते, सगळं ऐकते," असं त्यांनी तुम्हाला सांगून टाकलं. (लग्नाआधी हे खरं बोलायचं सुचलं असतं तर कितीतरी उपयोग झाला असता.) आणि तेव्हापासून तुम्ही गोड झालात. जेवलीस का, अभ्यास करतेस का, सूनबाई बिचारी दमत असेल, तिला जरा बसायला सांग. सूनबाई बिचारी! इतक्या वर्षांत ज्या शब्दांसाठी मी कान टवकारून बसले, ते आले तर अशा वेळी आले की त्यांचा शून्य उपयोग. नात जांभया देते, तिचं सगळं लक्ष पुन्हा गुडघ्यात, मांडी ताठ, डोळे घट्ट मिटलेले, आणि मी पुन्हा हवालदार. कोन जिथल्या तिथे अडलाय. डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. काल तिने यांना विचारलं की मास्क लावल्यावर आजपर्यंत कोणी उठायचं राहिलंय का. हे बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मी कुठे जाणार? मी चादरीच्या घड्या घातल्या.

असो. पत्राचं कारण, तुमचं चष्म्याचं घर इथे राहिलंय, ते पाठवू का ठेवू? बाकी सगळं क्षेम. तब्येतीला जपा.

तुमची,
सून

ता. क. चष्म्याचं घर राहू दे, ते जुनंच आहे. उद्यापासून संध्याकाळी बरोबर सहाला फोन करा आणि मला बोला. पहिल्यासारखं, तोंड भरून. मी ऐकत असेन, त्याची लाज बाळगू नका. मी उलटून उत्तर देणार नाही, नंतर कधी विषय काढणारही नाही, लिहून देते. काटकोन होईपर्यंत तरी माझ्याशी चांगलं वागू नका, हात जोडते.

आणखी ता. क. विषय कमी पडले तर तुमच्या बहिणीच्या घरी मी सोफ्यावर झोपले होते ते सांगा, ते अजून नातीने ऐकलेलं नाही. त्यात घोरणंही घातलंत तरी चालेल. कुकरचे दोन तास ठेवा, तीन करा. माहेरच्यांवर आलात की ती फार हसते, तेव्हा ते जरा शेवटाकडे राखून ठेवा, शेवटचा भाग जड जातो.

आणि हे शेवटचं. एक वाक्य तेवढं गाळा. "तुझ्या आईला तुझी माया नाही गं," असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. नात त्यावर काही बोलली नाही, म्हणून तुम्हाला वाटलं असेल तिला पटलं. पण पाय माझ्या हातात होता. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मांडी दगड झाली, आणि टाच जिथवर गेली होती तिथून सगळी पुन्हा पुढे आली. मग त्या संध्याकाळी काही केल्या पाय वाकला नाही. म्हणून ते नको. बाकी काहीही बोला.