युधिष्ठिराची बायको, मुक्काम देवबाग

देवबाग, ता. मालवण
मंगळवार, दि. ९ ऑक्टोबर १९५६

चि. सत्यवान यास हरिश्चंद्र मास्तरांचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. माझे गुडघे, तुझ्या बहिणीचा खोकला आणि आमच्या गावाची मतदारयादी ही तीन दुखणी तेवढी वगळावीत. तुझे पोट आता कसे आहे ते कळव. मागच्या पत्रात तू पोटाबद्दल दोन पाने लिहिली होतीस, ती मी काळजीपूर्वक वाचली, पण शेवटी ते बरे झाले की नाही एवढेच लिहायचे राहून गेले आहे. सोबत कोकमाच्या आगळाची बाटली पाठवणार होतो. पण गेल्या खेपेची बाटली बोटीत कलंडून कोणा परक्या माणसाच्या गादीवर रिकामी झाली आणि त्याने मला चार ओळींचे कार्ड लिहिले, तेव्हा या खेपेस नुसतेच पत्र.

आता मुद्द्यावर येतो. (माझ्या पत्रात मुद्दा उशिरा येतो असे तू म्हणतोस, म्हणून या वेळी लवकर आलो आहे.) तुला बावन्न सालची निवडणूक आठवत असेल. तू मुंबईस होतास, त्यामुळे इथला प्रकार तुला कोणी नीट सांगितला नसेल. त्या यादीच्या वेळी माणूस दारात येऊन विचारी, घरात बायका कोण? आतून उत्तर येई, अमक्याची आवस, तमक्याची बायल. तो बिचारा त्याचे शुद्ध मराठीत आई, बायको करून तसेच लिहून घेई. पुढे वरून हुकूम आला की ज्या बायकांनी स्वतःचे नाव दिलेले नाही त्यांना यादीतून काढावे, आणि गावातल्या निम्म्याहून जास्त बायका एका फटक्यात गेल्या. हे त्यांना कळवायचे मात्र कोणाला सुचले नाही. तुझी बहीण मतदानाच्या दिवशी सकाळी ठेवणीतले लुगडे नेसून, अबोलीचा वळेसर माळून रांगेत उभी राहिली. दोन तासांनी टेबलाशी पोचली आणि तिथून परत आली. मी आधीच मत देऊन घरी आलो होतो. जेवताना तिने माझ्या बोटावरच्या शाईकडे एकदा पाहिले आणि भात वाढला. त्या दिवशी मला जेवण गेले नाही, आणि पानात माझ्या आवडीचे बांगड्याचे तिकले होते.

खरे सांगायचे तर ती यादी आधी माझ्याच हातात आली होती. आमच्या घराच्या ओळीत 'गंगारामाची आई' हे शब्द मी वाचले होते. पस्तीस वर्षे शाळेत हजेरी घेतलेला मी माणूस. अजून कोणत्याही साली बसलेली मुले नाव, बापाचे नाव, आडनाव अशी ओळीने म्हणून दाखवीन. पण ते वाचून मला त्यात काही चुकले आहे असे वाटले नाही. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

म्हणून यंदा नवी यादी होणार असे कळताच मी कंबर कसली. निवृत्त माणसाला कंबर कसायला फार प्रसंग येत नाहीत. देवळापुढच्या मांडावर मी गावातल्या बायकांची सभा बोलावली. साठ-सत्तर जणी आल्या. मी भाषण चांगलेच केले. नाव ही माणसाची पहिली मालमत्ता आहे, ती दुसऱ्याच्या नावावर ठेवू नका, असे एक वाक्य त्यात होते (ते मी आदल्या दिवशी तीनदा खोडून लिहिले होते). मग म्हटले, आता एकेकीने उठून आपले नाव सांगा. सगळ्याजणी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. शेवटी हौसाबाई उठली (तिचे हे नाव मला पुढे यादीतून कळले). ती आता ऐंशीला आली असेल. म्हणाली, "नाव आसा तर खरा, मास्तरांनु. पण त्या नावान हाक मारणारी माणसां सगळी मेली." यावर भाषणात काही तयारी नव्हती, म्हणून मी कागद उलटा करून पाहिला. तेवढ्यात तिनेच पुढे विचारले, "तुमच्या घराकडल्यांचा नाव काय ता सांगा बघया, म्हंजे आमका धीर येयत." मी घड्याळाकडे पाहिले आणि होडीची वेळ झाली असे सांगून निघालो. (माझ्याकडे घड्याळ नाही.)

एवढे होऊनही मोहीम चालली, हे विशेष. यादी लिहायला एक कारकून आला. मुलगा सज्जन, पण घाटावरचा. कोकणात गावाला 'कर' लावला की आडनाव होते एवढेच त्याला कोणीतरी सांगितले होते, त्यामुळे जिचे आडनाव नीट ऐकू आले नाही तिला तो सरळ देवबागकर करून टाकी. त्या दिवशी मी नेमका आणखी फॉर्म आणायला मालवणला गेलो होतो. हिला मी बजावून ठेवले होते की तू घाई करू नकोस, मास्तरांच्या घरचे नाव मी स्वतः सर्वांत शेवटी घालीन, ते शोभून दिसेल. (याचे खरे कारण निराळे आहे, ते पुढे येईल.) परत येऊन पाहतो तर बायकांनी मन घट्ट करून आपापली नावे सांगितली होती, पण गाडे दुसऱ्याच ठिकाणी अडले होते. फॉर्मवर नवऱ्याच्या नावाचा रकाना आहे. आता नवऱ्याचे नाव आमच्याकडची बाई तोंडाने घेईल काय? मग सगळ्यांनी खुणा केल्या. शिवाच्या बायकोने देवळातल्या पिंडीकडे बोट दाखवले, ती शंकरची बायको झाली. गणपतच्या बायकोने नाकाशी हात धरून सोंड करून दाखवली, तिला त्याने गजाननच्या घरात घातले. कच्ची यादी आली तेव्हा निम्म्या गावाचे संसार बदललेले होते. आठ दिवस खपून मी ते सगळे जागच्या जागी आणले.

फक्त एक नाव राहिले आहे, आणि त्याने मला वेड लावायचे तेवढे बाकी ठेवले आहे. ते असे: 'सुगंधा युधिष्ठिर देवबागकर'. घर नंबराच्या जागी लिहिले आहे 'समुद्राजवळ'. देवबागला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. समुद्राजवळ नसलेले एक तरी घर इथे दाखव. सुगंधा नावाची बाई मला गावात कोणी दाखवू शकत नाही. आणि युधिष्ठिर? मी पस्तीस वर्षांची हजेरी मनात चाळली. दोन भीम निघाले, एक अर्जुन निघाला (तो गणितात नापास), पण युधिष्ठिर एकही नाही. मला आधी वाटले, कोणा उमेदवाराच्या माणसांनी खोटे नाव घुसडले असेल. मग कोणीतरी म्हणाले की युधिष्ठिर तोंडवलीला राहतो. मी होडीने मालवणला गेलो आणि तिथून या गुडघ्यांनिशी चालत तोंडवली गाठली. तिथे भाई म्हणून एक गृहस्थ निघाले. ते दशावतारात धर्मराजाचे काम करतात. त्यांची बायको नर्मदा, ती समोरच सुकट वाळवत बसली होती. तिने मला आपादमस्तक पाहिले आणि नवऱ्याला विचारले, "देवबागाक तुमचा कोण आसा हो?" पुढे त्या घरात काय झाले मला माहीत नाही. मी पाणीसुद्धा न पिता निघालो.

घरी आल्यावर हे सगळे मी ओटीवर बसून मोठ्याने सांगितले. नाव वाचून दाखवले तेव्हा स्वयंपाकघरातून हिचा खोकला सुरू झाला तो थांबेचना. अडुळशाचा काढा घे म्हटले तर घेत नाही. तेव्हापासून रोज सकाळी चहा देताना विचारते, "गावलो काय युधिष्ठिर?" मी नाही म्हणतो. परवा म्हणाली, "ती बाई खरीच आसात तर?" मी म्हटले, खरी असती तर गावात कोणीतरी तिला ओळखले नसते का? त्यावर म्हणाली, "ओळखूक व्हया होता खरा," आणि पुन्हा खोकत आत गेली. या दमट हवेने तिची छाती धरली आहे की काय, मला काही उमजत नाही.

शेवटी मी माझे कर्तव्य ठरवले. सदर नावाची स्त्री अस्तित्वात नसून ते यादीतून रद्द व्हावे, असा हरकतीचा अर्ज मी सुवाच्य अक्षरात लिहून, सही करून छत्रीत गुंडाळून ठेवला आहे. हरकती आणि नवी नावे देण्याची मुदत येत्या सोमवारी संपते. रविवारचा दसरा झाला की दुसऱ्याच दिवशी कचेरीत जाऊन तो देणार आहे. एक खोटी बाई गेली की यादी निर्मळ होईल. बाकी सर्व क्षेम. मुलांस आशीर्वाद.

तुझा
हरिश्चंद्र

ता. क. एक लहानशी गोष्ट लिहायची राहिली. तुझ्या बहिणीचे नाव काय? हसू नकोस. अजून तिचे नाव यादीत घातलेले नाही याचे खरे कारण हेच आहे. आमच्या लग्नाच्या पत्रिकेवर 'ज्येष्ठ कन्या' एवढेच छापले होते. तुमच्या घरी सगळे तिला 'बाय' म्हणत. ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिताना मी आधी पार्वती लिहिले, तर ते माझ्या आईचेच नाव निघाले आणि एकच ओरड झाली. मग भटजींनी कानात दुसरे सांगितले. वाजंत्री जोरात होती. जे ऐकू आले ते मी लिहिले, अक्षर हलले, आणि कोणी वाचायच्या आत मामांनी ताट उचलले. माझ्या आईने धाकटी सून म्हणून तिला 'धाकटी' म्हटले, गंगाराम झाल्यावर गावाने 'गंगारामाची आवस' म्हटले, मी 'अगो' म्हटले. यात एकतीस वर्षे गेली. आता कोणत्या तोंडाने विचारू? हे पत्र मिळताच उलट टपाली नाव कळव. मुदत टळली तर ती पुन्हा ठेवणीतले लुगडे नेसून रांगेतून परत येईल, आणि ते मला या वयात सोसणार नाही.

ता. क. २. उत्तर कार्डावर पाठवू नकोस. पोस्टमन कार्डे वाचतो आणि दारातूनच मजकूर सांगतो. बंद पाकिटात पाठव.

ता. क. ३. घरातला डिंक संपल्यामुळे हे पाकीट भाताच्या शितांनी चिकटवायला हिच्याकडेच देत आहे. हिला वाचता येत नाही, हे एका परीने बरेच झाले.

सत्यवाना, मी बाय लिवतंय. पाकीट चिकटवक माझ्याकडे दिल्यानी म्हणान सगळा वाचलंय. तीस वर्सां आमच्या पडवेत शाळा भरा होती आणि भिंतीपलीकडे मी भाकऱ्यो भाजत होतंय. मगे माका अक्षरां येवची नाय तर कोणाक? ह्यांनी कधी विचारूक नाय, मी कधी सांगूक नाय.

हे मालवणाक गेले त्या दिवशी मी गेलंय आणि त्या कारकुनाक माझा नाव सांगलंय. घोवाचा नाव तोंडान कसा घेवचा? म्हणान म्हटलंय, कधी खोटा बोलूक नाय असो राजा, राज्य गेला, बायल गेली तरी बोलूक नाय. तो म्हणालो, कळलं कळलं. मगे लिवल्यान काय ता, ह्यांनी यादी वाचली तेवाच माका समाजला. खोकलो माका नाय. मी हसत होतंय. पयल्या दिवशी हसलंय, मगे मात्र हसूक येवक नाय.

आता तू ह्यांका नाव कळवू नको. लिव, माका आठवणा नाय, घराकडेच विचारा. ता नाव बाबांनी ठेवलेला. तांदळातला कोणी वाचूकच नाय आणि माका तेवा वाचूक येय नव्हता.

हरकतीचो कागद मी छत्रेतसून काढून तांदळाच्या डब्यात घातलंय. सोमवारी सकाळी सगळ्या घरात शोधतले. नावान हाक मारून कागद मागल्यानी तर दितलंय.

सुगंधा