देवमासा कोणत्यातला?

मंगळवार, डिसेंबर १९६१. सेक्टर ६.

आज आठवीले देवमासा शिकवला. पाण्यात राहते, माशासारखा दिसते, पण पिल्लाले दूध पाजते. म्हणून सस्तन, आपल्याच वर्गातला. पोरायले किती ठासून सांगितलं मी!

घरी आली तर पायरीवर माही वाटी. सकाळीच समोरच्या काकूले तिच्यात पाटवड्या दिल्या होत्या. काकू भंडाऱ्याच्या. भिलाईत आपली बोली बोलणारं कोणी भेटलं म्हणून खूश होत्या. मंग विचारलंच, "तुमी कोणत्यातले वो?"

"बौद्ध."

"ते झालं. पन त्याच्या आंधी?"

सांगितलं. लपवू कावून?

वाटी रिकामी आहे. शेजारची वाटी रिकामी देऊ नाही, चिमूटभर साखर तरी घालावी, हे काकूनंच परवा शिकवलं होतं. तवा याच वाटीत गूळ होता.

मागच्या गल्लीत पाह्यलं, तर गाय माह्या पाटवड्या खाऊन राहिली होती.

उद्या पोरायले काय सांगू? गाय, काकू अन् मी, तिघी सस्तन, एकाच वर्गातल्या. त्यातल्या एकीनंच माह्या हातचं खाल्लं.