बॅटरीसाठी गाळलेले पाणी

जव्हार, फाल्गुन शुद्ध द्वादशी

तीर्थरूप जिवामामांच्या पायांशी, मुक्काम पोशेरा,

आपला जावई रघू डोके ठेवून नमस्कार करतो. मामींचा गुडघा, काळी गाय आणि घराचे नवे छप्पर या तिघांच्या तब्येती कशा आहेत ते कळवावे. येथील सर्व क्षेम आहे, असे पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. प्रत्यक्षात आपली लेक सुकरी चावडीच्या मागच्या खोलीत कोंडलेली आहे. (मास्तर, हे पत्र आपणच मामांना ओटीवर मोठ्याने वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. एवढे वाक्य झाल्यावर जरा थांबावे, मामांना पाणी द्यावे, आणि जमलेल्या मंडळींना आपापल्या घरी जायला सांगावे. जाणार नाहीत, पण सांगावे.) तिच्यावर आळ आहे तो दारू गाळल्याचा. तिने गाळले ते साधे पाणी होते, आणि ते माझ्या सांगण्यावरून गाळले होते. होळीच्या आत तिला सोडवून आणायचे, एवढे एकच काम सध्या माझ्यापुढे आहे, आणि तेवढेच सोडून बाकी सगळी कामे माझ्याकडून होत आहेत.

हे सगळे कसे झाले ते सांगायचे तर मला माझी नोकरी सांगावी लागेल. लग्नात आपण सगळ्यांना अभिमानाने सांगितलेत की जावई बंगल्यावर आहे. बंगल्यावर काय करतो हे कोणी विचारले नाही, हे माझे नशीब. आमचे रावसाहेब मुंबईच्या गोदीतून पेन्शनीत निघाले आणि थंड हवेसाठी इकडे जामसरच्या वाटेवर बंगला बांधून राहिले. माणूस पेन्शनीत निघाला तरी गोदी त्याच्यातून निघत नाही. त्यांनी किनाऱ्यावरून एक शिडाची होडी बैलगाड्यांवर घालून घाट चढवून आणली आणि बंगल्यापुढच्या तळ्यात सोडली. तळे केवढे, तर म्हैस एका काठाने उतरली तर दुसऱ्या काठाला रवंथ करत निघते. वारा आला की होडी समोरच्या चिखलात जाऊन रुतते, मग दोन गडी काठाकाठाने चालत दोरखंडाने तिला परत ओढून आणतात, आणि रावसाहेब टोपी सावरत उतरून म्हणतात की आज सफर फार सुरेख झाली.

या होडीच्या डोलकाठीवर विजेचा दिवा आहे. अख्ख्या गावात रॉकेल जळते आणि तळ्यातल्या बेडकांना वीज! त्या दिव्याला वीज पुरवते ती होडीच्या पोटात ठेवलेली बॅटरी, आणि त्या बॅटरीची सेवा करतो तो मी. एक काचेची नळी, तिच्या माथ्यावर रबरी फुगा, आत तरंगणारे एक काचेचे बोंड. सकाळ-संध्याकाळ ही नळी बॅटरीत बुडवायची, फुगा दाबून आतले तेजाबाचे पाणी वर ओढायचे आणि बोंड कुठवर तरंगते ते पाहून रावसाहेबांना सांगायचे. बोंड वर राहिले तर बॅटरी भरलेली, खाली गेले तर रिकामी. रिकामी झाली की रावसाहेबांची मोटार तळ्याच्या काठी आणून जागच्या जागी सुरू ठेवायची आणि तिच्या तारा बॅटरीला जोडायच्या. मोटार तासन्‌तास धडधडते आणि कुठेच जात नाही. (माझ्या नोकरीसारखीच, असे मास्तर मनात म्हणतील. म्हणोत.) मागे मला हिवताप भरला तेव्हा रावसाहेब स्वतः आमच्या खोपटाच्या दारात आले. मला गहिवरून आले. त्यांनी विचारले की अंगात ताप असताना मी नळी हातात धरली नव्हती ना, कारण उष्णतेने आकडा चुकतो.

आता पाण्याचे. या बॅटरीला तहान लागते. उन्हाळा लागला की आतले पाणी आटते आणि वरून घालावे लागते, पण ओढ्याचे, विहिरीचे तिला चालत नाही. तिला वाफेचे पाणी लागते, नाहीतर पावसाचे, जमिनीला न टेकलेले. पावसाचे पाणी आम्ही रांजणात धरून ठेवले होते. त्यात डाळ फार मऊ शिजते असा शोध बंगल्याच्या आचाऱ्याला लागला आणि रांजण माघातच संपला. मुंबईहून वाफेच्या पाण्याची मोठी बाटली मागवली, ती घाटात गाडीच्या हिसक्याने फुटली. इकडे होळीला रावसाहेबांचे मुंबईचे पाहुणे येणार, त्यांना पौर्णिमेच्या संध्याकाळी दिव्याच्या होडीतून फिरवायचे ठरलेले. रावसाहेब घायकुतीला आले. त्यांनी मला बोलावून कागदावर चित्र काढून समजावले: हे भांडे, ही खालची आग, ही वाफ, ही तिरपी नळी, हे गार पाण्यात ठेवलेले दुसरे भांडे. समजले का, म्हणाले. मामा, मला न समजून कसे चालेल? आपल्या परसातल्या करंजाखाली जे दर साली मांडले जाते (मास्तर, हे वाक्य हळू वाचावे, किंवा गाळावे), तेच हुबेहूब त्या कागदावर होते. मी म्हटले, साहेब, हे तर आमच्या बायकोला येते. साहेब म्हणाले, वा, मग तिला करू दे. हे त्यांचे शब्द मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आता ते त्यांना आठवत नाहीत.

सुकरीने मला वेड्यात काढले. ‘पानी गाळाचां? पानी त वढ्याला हाय!’ एवढेच म्हणाली, पण नवऱ्याच्या नोकरीचा प्रश्न म्हणून मडक्यावर मडके चढवून बसली. मडके आपल्याकडून आलेले, वर्षानुवर्षे मोहाची फुले उकळून मुरलेले. त्यातून उतरलेले पाणी स्वच्छ होते, पण त्याला वास मोहाचा होता. इथवरही निभावले असते. पण भट्टीतून पहिली धार पडली की ती देवाची, हे तिला आपण लहानपणापासून शिकवलेले. धार कशाची आहे हे तिच्या लेखी गौण होते. तिने पहिले थेंब पानाच्या द्रोणात धरले, आपल्या हिरवा देवाचे नाव घेतले आणि जमिनीवर सोडले. नेमक्या त्या क्षणी कुडाच्या फटीतून पाहत होता दारूच्या मक्तेदाराने चोरट्या भट्ट्या पकडायला ठेवलेला नाकेदार. मोह पडायला लागला की तो माणूस कुडाला नाक लावूनच जगतो. त्याने बाटली धरली, सुकरीचा हात धरला आणि चावडी गाठली. पाणी आहे, असे ती सांगत राहिली. त्यावर नाकेदाराचा सवाल असा की पाणीच होते तर देवाला का सोडले? देवाला पाणी प्यायचे असेल तर तो ओढ्यावर जाईल, भट्टीपाशी कशाला येईल? जमादाराने तिला विचारले, बाई, पहिली धार सोडलीस का? ती म्हणाली, सोडली, पयली धार देवाचीच. झाले! कबुली मिळाली म्हणून लिहून घेतले. मामा, राग मानू नये, पण तुमची शिकवण थोडी कमी पक्की असती तर आज तुमची मुलगी घरी असती.

मग पंच आले. पांड्या आणि माघ्या, दोघेही सकाळपासून फुकट काही मिळते का हे पाहत चावडीपुढे बसलेले. त्यांना एकेक घोट देऊन अभिप्राय विचारला. पाणी आहे असे सांगितले असते तर तिथेच काम संपले असते आणि दुसरा घोट मिळाला नसता. म्हणून माघ्याने डोळे मिटून विचार केला आणि वास चांगला असला तरी जोर कमी आहे, असा निकाल दिला. पांड्याने मान डोलावली. दोघांचे अंगठे घेतले.

हे ऐकून मी बंगल्यावरून ती बॅटरीची नळी घेऊन चावडीवर धावलो. मला वाटले, शास्त्र आपल्या बाजूला आहे. साध्या पाण्यात त्यातले बोंड पार तळाला जाते, हे मी रोज धुताना पाहतो. सगळ्यांसमोर नळी बाटलीत घातली, फुगा दाबला, पाणी ओढले. बोंड तळाला जाऊन बसले. मी म्हटले, पाहा, पाणी! नाकेदार माझ्याहून जोरात ओरडला, पाहा, दारू! कारण त्याच्याकडेही मक्तेदाराने दिलेले असेच एक बोंड आहे, आणि ते जेवढे खाली जाईल तेवढी दारू कडक, एवढेच त्याला शिकवलेले. दोघांची बोंडे वेगळी, त्यांच्यावरच्या रेघा वेगळ्या, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत समजावले. जमादार म्हणाला, दोन हुशार माणसांचा वाद आहे, पंचांनाच परत विचारू. मी नळीतले पाणी बाटलीत परत सोडले होते. नळीच्या रबरात बॅटरीचे थोडे तेजाब राहिलेले असते, हे मला तेव्हा आठवले नाही. माघ्याने घोट घेतला, त्याची जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी आले, आणि तो भक्तिभावाने म्हणाला, ‘आता खरी लागली!’ पांड्याने चव घेऊन त्याला दुजोरा दिला. आधीच्या जबानीत ‘जोर कमी’ होते ते खोडून ‘जोर भरपूर’ लिहिले गेले. मामा, बायकोला सोडवायला गेलेल्या कोणत्याही नवऱ्याने असा पुरावा आजवर दिला नसेल. सुकरी दारातून सगळे पाहत होती. जमादाराच्या घरचे भात कांडायला तिला बसवले आहे, ती ते कांडत राहिली.

पाणी बॅटरीसाठी होते, अशी चार ओळींची चिठ्ठी रावसाहेबांनी दिली तर ती आजच सुटेल. मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ते संतापले, पण कशावर? दारूच्या मडक्यातले पाणी त्यांच्या बॅटरीत पडणार होते यावर! शेवटी शांत होऊन म्हणाले, पौर्णिमेला दिवा लागू दे, मग चिठ्ठीचे पाहू. म्हणजे दिवा लागला तर बायको सुटेल, दिव्याला पाणी हवे, आणि पाणी गाळणारी आत. मी आता बंगल्याच्या स्वयंपाकघरात भाताच्या पातेल्यापाशी बसून असतो आणि झाकणाच्या आतले थेंब बोटाने वाटीत निथळतो. आचारी हसतो. हसू दे.

मामींना नमस्कार. काळजी करू नये, असे लिहायची रीत आहे म्हणून तेही लिहितो.

आपला आज्ञाधारक,
रघू

ता. क. होळीमुळे टपाल घेऊन जाणारा गावी गेला, पत्र इथेच राहिले, म्हणून पुढचे लिहितो. झाकणावरचे पाणी वाटीवाटीने पुरले, आणि पौर्णिमेला बॅटरी भरलेली होती. बोंड इतके छान वर आले की रावसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पाहुणे होडीत बसले, मी तारा जोडल्या, दिवा झगझगीत लागला. पाहुण्या बाई म्हणाल्या, अहो, चांदणे किती सुरेख पडले आहे, तो दिवा आधी बंद करा. दिवा बंद केला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीचे विचारले तर रावसाहेब म्हणाले, कसली चिठ्ठी, दिव्याची तर गरजच पडली नाही. होडीवरची बॅटरी ते आता काढून टाकणार आहेत. सुकरीने होळी चावडीच्या गजांतून पाहिली. होडी काठाला लावून मी चावडीबाहेर येऊन उभा होतो. मला तेव्हा सगळ्या जगाची, आणि सगळ्यांत आधी माझी, किळस आली.

ता. क. दुसरा. जमादार माणूस वाईट नाही. त्याने बाजूला घेऊन सांगितले की कागद झाला, आता दारूचे पाणी होणार नाही. पण घरातला पुरुष कबूल झाला तर बाईला सोडता येईल. मी लगेच म्हटले, मीच गाळली. त्याने विचारले, फुले किती दिवस भिजत घातलीस? मी म्हटले, रात्रभर. नाकेदार हसून हसून खाली बसला. विचारले, आंबवण तयार झाले हे कशावरून ओळखतोस? मी अनवधानाने बोलून गेलो, बोंडावरून. जमादाराने मला चावडीबाहेर घालवले आणि सांगितले की बाजाराच्या दिवशी वरचे साहेब येतील, तोवर जमले तर जरा बरी कबुली घेऊन ये.

ता. क. तिसरा, आणि आता पत्र पाठवण्याचे खरे कारण हेच. मामा, मोहाची दारू कशी करतात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सविस्तर कळवावे. फुले किती वाळवायची, किती भिजवायची, आंबवणाचा वास कसा येतो, मडक्याचे तोंड कशाने लिंपायचे, धार कधी थांबवायची, काही म्हणजे काही सोडू नये. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहावे, मला पाठ करायचे आहे. आणि बाजाराच्या दिवशी आपण गाडी घेऊन यावे, सुकरीला पोशेऱ्याला न्यायला. मला न्यायला दुसरे येतील. सुकरीला गजाआडून हेच विचारून पाहिले. ती शिकवायला तयार नाही. म्हणते, ‘पानीच व्हतां. मी पानीच सांगन.’ ती खरे बोलते म्हणून आत बसली आहे, मामा. मला निदान खोटे तरी नीट बोलता यायला हवे.