तुलनेचा वाफा

वसई, ५ फेब्रुवारी १९९८

चि. शत्रुघ्नास अनेक आशीर्वाद.

वांग्यांची टिपणे मिळाली. अक्षर सुधारलेले नाही. आकडे स्वच्छ आहेत. राजोडीच्या रेजिनाबाईंच्या कृतीप्रमाणे मासळीची डोकी आणि गूळ आंबवून केलेले खत डाव्या वाफ्याला. उजव्याला, तुलनेसाठी, केवळ पाणी. नऊ आठवड्यांनी दोन्हींचे उत्पन्न सारखेच. म्हणजे त्या खतात दुर्गंधीखेरीज काही नाही. रविवारी बागायतदारांच्या सभेत मी तसे सांगणार आहे. तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला पुराव्यापुढे भीड धरता येत नाही. पीप रिकामे करा, पुतळाबाईंच्या नाकाची सुटका होईल. तू सभेला अवश्य ये.

तुझ्या शब्दावर विसंबलेली,
मनोरमाताई

चांदीप, १२ फेब्रुवारी १९९८

ती. मनोरमाताईस सा. न.

सभेत तू बोललीस तेव्हा रेजिनाबाईंनी मान खाली घातली. मीही घातली. घरी आल्यावर पुतळाने मला जेवायला वाढलं नाही. आधी ताईंना खरं लिहा, म्हणाली.

खरं असं, की उजव्या वाफ्यालाही खत मिळत होतं. रोपं पिवळी पडू लागली, तेव्हा पुतळाने घातलं. तिचं म्हणणं, पंगतीत एका रांगेला वाढायचं नि दुसरीला नुसतं पानी पाजायचं, असला शिकलेला कारभार तिच्या हातून व्हायचा नाही. दोन्ही वाफे भरले की ताई खूश होतील, अशी तिची समजूत. मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. लहानपणी पाढा चुकला की तू पहिल्यापासून म्हणायला लावायचीस. आताही तेच करशील म्हणून गप्प राहिलो.

रेजिनाबाईंकडे आता कोणी खत मागायला जात नाही, असं ऐकतो.

रागाव, पण तोडू नकोस.
शत्रुघ्न

वसई, १६ फेब्रुवारी १९९८

शत्रुघ्न यास,

पुतळाबाईंवर माझा राग नाही. तुलनेचा वाफा कशासाठी, हे मी त्यांना कधी समजावलेच नव्हते. तू मात्र कळल्यानंतरही सहा आठवडे 'केवळ पाणी' असे लिहीत राहिलास. आणि मी एका जाणत्या बाईला सर्वांसमोर खोटे पाडत असताना समोर बसून ऐकलेस. तू मला भितोस हे वाचले. ते खरे असेल. त्याची शिक्षा रेजिनाबाईंनी का भोगावी?

काल राजोडीला गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा विचारला नाही. पुढल्या सभेत मी निष्कर्ष मागे घेईन, आणि टिपणे माझ्या सख्ख्या भावाची होती हेही सांगेन. प्रयोग नव्याने त्यांच्याच अंगणात होईल. ही अट त्यांची.

हाताशी माणूस लागेल. पुतळाबाई येतील का, विचार. एका वाफ्याचा या खेपेस उपवास आहे, असे त्यांना सांगेन. तेवढे त्या पाळतील.

राजोडीची बस त्यांना ठाऊक आहे. तू पोचवायला येऊ नकोस.

मनोरमा